दुधी कडू निघाला, तर कारल्याला दोष देऊ नका

चिंचवड, आकुर्डी, निगडीच्या सोसायट्यांत मराठवाडा-विदर्भातून कामाला आलेली कितीतरी कुटुंबे राहतात. गावाहून निघताना कुणीतरी वालाच्या, दोडक्याच्या बियांची पुरचुंडी हातावर ठेवते, आणि ती फडताळातच पडून राहते. तिला कुंडीपर्यंत पोचू न देणाऱ्या समजुती बहुतेक चुकीच्या आहेत.

"आमची गॅलरी उत्तरेची, ऊन येत नाही," ही त्यातली एक. चिंचवड कर्कवृत्ताच्या दक्षिणेला, साडेअठरा अंशांच्या आसपास आहे. त्यामुळे मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून थोडा उत्तरेला असतो. उत्तरेच्या गॅलरीत तेव्हा वेल चढवावा. दक्षिणेच्या गॅलरीत हिवाळ्यात ऊन आतपर्यंत येते. टोमॅटो, मेथी, पालक तिथे, तेव्हा.

"हायब्रीडचे बी उगवतच नाही." सहसा उगवते. पण पुढच्या पिढीत दोन्ही जनक वाणांचे गुण विखुरतात, म्हणून एकाच फळातल्या बियांची झाडे एकसारखी निघत नाहीत. दरवर्षी तेच फळ हवे असेल तर गावरान वाण धरा. टोमॅटो, वाल, घेवडा यांपासून सुरुवात करावी. त्यांच्या फुलात परागीभवन बहुधा आतल्या आतच होते, त्यामुळे जात बरीचशी शुद्ध राहते.

"घरचे बी ठेवणे, वाटणे कायद्यात बसत नाही," असेही ऐकू येते. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याच्या 39 व्या कलमाने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देण्याघेण्याचा आणि विकण्याचाही हक्क दिला आहे. संरक्षित वाणाचे बी ब्रँड लावून मात्र विकता येत नाही. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली, बायफ संस्थेने साथ दिली, आणि 2020 मध्ये सरकारने त्यांना पद्मश्री जाहीर केली. शाळेत न गेलेल्या या बाईंनी जे जपले, ते आपण एका फडताळात थोडेसे तरी जपावे, असे मला मनापासून वाटते.

आता दुधी. शेजारी कारले लावल्याने तो कडू होतो, ही समजूत फार पक्की आहे. दोन्हींची कुळी एक असली तरी प्रजाती वेगळ्या. त्यांचा संकर होत नाही. शिवाय परक्या परागाचा परिणाम दिसलाच तर पुढच्या पिढीत दिसतो, यंदाच्या गरात नाही. कडूपणा कुकुरबिटासिन या द्रव्यामुळे येतो आणि मुख्यतः बियाण्याच्या वंशातून उतरतो. कडू दुधीचे बी धरू नये, आणि तो खाऊही नये, रस तर मुळीच पिऊ नये. त्याने माणसे दगावली आहेत.

फुले भरपूर, फळ एक नाही, म्हणून लोक खत ओततात. पण दुधीची पहिली फुले बहुधा नरच असतात. मादी फुलाच्या मागे इवलासा दुधी दिसतो. पांढरे फूल संध्याकाळी उमलते आणि ते फळवणारे पतंग सातव्या मजल्यावर येतीलच असे नाही. नर फूल तोडून मादीवर हलके टेकवा. बियांसाठीचे फळ भाजीसारखे कोवळे काढायचे नाही. साल टणक होऊन आत बिया खुळखुळेपर्यंत वेलावरच राहू द्यायचे.

बी कडक उन्हात वाळवावे, हेही बरोबर नाही. वारा खेळणाऱ्या सावलीत वाळवा. दाण्यातली ओल एका टक्क्याने कमी झाली की आयुष्य साधारण दुप्पट होते, असा बीजशास्त्राचा ढोबळ नियम आहे, आणि आपल्या पावसाळी हवेत ओल हाच खरा शत्रू. चुलीची राख बियांत मिसळत, ती याचसाठी आणि किडीसाठीही. फ्लॅटमध्ये राख नसेल तर घट्ट झाकणाच्या बरणीत भाजून गार केलेल्या तांदळाची पुरचुंडी ठेवा. बरणी फ्रिजमध्ये ठेवत असाल तर बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, ती खोलीइतकी कोमट होऊ द्या. नाहीतर हवेतले बाष्प थेट बियांवर बसते.