उलटणारा ताप

तीनेक दिवस ताप फणफणतो, घाम येऊन उतरतो, आठवडाभर माणूस हिंडूफिरू लागतो आणि मग तोच ताप पुन्हा चढतो. पश्चिम अमेरिकेच्या डोंगराळ भागात लाकडी केबिनमध्ये मुक्काम केलेल्यांना होणारा हा आजार मऊ अंगाच्या गोचिडीमुळे पसरतो. ती उंदीर-खारींच्या घरट्यांत दडलेली असते. रात्री झोपलेल्या माणसाचे रक्त पिऊन ती बहुधा अर्ध्या तासातच निघून जाते. चावा दुखत नाही, म्हणून तो कुणाला आठवतही नाही. १९७३ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या उत्तर काठावर असे ६२ रुग्ण आढळले.

दुसरा ताप म्हणजे दुसरा चावा, अशी शंका कुणी घेईल. पण केबिन सोडून घरी परतलेल्यालाही तो येतोच. कारण शरीरातच असते. हा ताप आणणारा बोरेलिया नावाचा मळसूत्री जिवाणू बहुरूप्यासारखा आहे. आपली प्रतिकारशक्ती त्याच्या अंगावरचे प्रथिन ओळखून त्याला मारते आणि ताप उतरतो. मात्र काही जिवाणूंनी तोवर वेगळे प्रथिन धारण केलेले असते. ते वाचतात, वाढतात, ताप उलटतो. हा केवळ तर्क नाही: एकाच जिवाणूपासून उंदरांमध्ये २४ वेगवेगळी रूपे तयार झालेली संशोधकांनी १९८२ मध्ये नोंदवली.

योग्य प्रतिजैविकाने हा आजार बरा होतो. अमेरिकेत डोंगरात सुट्टी घालवून आल्यावर ताप आला, तर मुक्काम कुठे होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगा आणि ताप अंगात असतानाच रक्त तपासून घ्या. तो उतरल्यावर रक्तात जिवाणू सहसा दिसत नाहीत.