जबड्याच्या सुधारणा शस्त्रक्रियेनंतरची शुश्रूषा
जबड्यांची ठेवण व दातांची जुळणी सुधारण्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेत हाड कापून योग्य जागी आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी स्थिर करतात. चेहऱ्यावरील सूज साधारणतः दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वाधिक असते. हाडाच्या प्राथमिक जुळणीस सुमारे ६ आठवडे लागतात. तोवर कठीण पदार्थ चावणे वर्ज्य असते. सोलापूरची कडक भाकरी या काळात निषिद्ध ठरते. मात्र त्याच ज्वारीची पातळ, गाळलेली आंबील, वरणाचे पाणी, ताक व दूध घेता येते. मज्जातंतू ताणला गेल्याने खालचा ओठ व हनुवटी बधिर होते; ही बधिरता बहुधा काही महिन्यांत ओसरते. जबडे तारेने बांधले असल्यास उलटीमुळे श्वास कोंडू शकतो. म्हणून तार कापण्याची पक्कड रुग्णाजवळ ठेवतात. श्वसनास त्रास, न थांबणारा रक्तस्राव किंवा ताप ही तातडीच्या उपचारांची लक्षणे होत.