कोकणात जाताय? आधी तिथी बघा

परीक्षा संपल्या, मुलं घरात धुमाकूळ घालताहेत आणि घराघरात एकच विषय आहे : या सुट्टीत कोकणात जायचं. गाडी घरची किंवा भाड्याची, सात-आठ माणसं, दोन म्हातारी, तीन पोरं. रस्ता कुठला, मुक्काम कुठे, हे घरातले पुरुष मोबाइलवर ठरवतात आणि डबे, कपडे, औषधं आपल्याकडे येतात. आज मी सांगणार आहे ते काम मात्र आपणच हातात घ्यायचं आहे. त्यासाठी भिंतीवरचं कालनिर्णय काढा आणि जवळ घेऊन बसा.

आपण घाटावरची माणसं प्रवास किलोमीटरमध्ये मोजतो. इतके किलोमीटर, इतके तास. किनाऱ्याच्या रस्त्याला हा हिशोब लागू पडत नाही. रेवसपासून रेडीपर्यंत जो सागरी रस्ता आहे तो सलग नाही. दर थोड्या अंतरावर एक नदी समुद्राला मिळते, तिची रुंद खाडी होते आणि रस्ता पाण्यापाशी येऊन थांबतो. सावित्रीची बाणकोट खाडी, वाशिष्ठीची दाभोळ खाडी, शास्त्री नदीची जयगड खाडी. पुलांची कामं निघाली आहेत, पण आज तरी तिथे गाडीसकट बोटीत बसायचं. गावकरी या बोटीला जंगलजेट्टी म्हणतात, कुणी नुसतं फेरीबोट म्हणतं. बोट चुकली तर पुढची येईपर्यंत थांबायचं, आणि शेवटची चुकली तर आत महामार्गापर्यंत जाऊन मोठा वळसा घ्यायचा. दाभोळची बोट चुकली की चिपळूण गाठावं लागतं.

आणि बोटीपेक्षाही मोठी गोष्ट आहे भरती-ओहोटीची. दरवर्षी कोकणच्या किनाऱ्यावर माणसं बुडतात, आणि त्यात बहुतेक आपल्यासारखी, समुद्राशी ओळख नसलेली, घाटावरून गेलेली असतात. फेब्रुवारी २०१६ मध्ये रायगडमधल्या मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला गेलेले चौदा विद्यार्थी बुडाले होते. तरणी, धडधाकट मुलं. म्हणून म्हणते, आधी तिथी.

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दोनदा ओहोटी. एका भरतीपासून दुसरीपर्यंत सव्वाबारा-साडेबारा तास जातात, त्यामुळे भरतीची वेळ रोज साधारण पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. कोळीवाड्यांत आणि किनाऱ्यावरच्या घरांत याचा एक सोपा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करायची. जो आकडा येईल, तितक्या वाजता पूर्ण भरती, दिवसाही आणि रात्रीही. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला भरती. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. कृष्ण पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून एक-दोन-तीन मोजायचं, अमावास्या पंधरावी. भरतीनंतर साधारण सहा तासांनी पूर्ण ओहोटी. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेवढा धरून चालायचं. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास पाणी खूप चढतं आणि खूप उतरतं, ते उधाण. अष्टमीच्या आसपास चढउतार कमी, ती भांगाची भरती.

आता हे सहलीत कुठे लागतं ते बघू. एक उदाहरण घेते. समजा पुण्याहून निघालात, ताम्हिणी घाटातून माणगाव, म्हसळा करत दिवेआगरला उतरलात आणि तिथून दक्षिणेकडे गणपतीपुळ्यापर्यंत गेलात. वाटेत तीन खाड्या, तीन बोटी. पाच मुक्काम धरा. चारमध्येही होतं, पण मग सगळं गाडीच्या काचेतूनच बघावं लागतं.

या वाटेवर हरिहरेश्वर आहे. देवळामागून पायऱ्या उतरून कड्याच्या पायथ्याशी, खडकावरून प्रदक्षिणेचा मार्ग आहे. लाटांनी खडकाला अशी नक्षी पाडली आहे की बघत राहावं. पण हा मार्ग फक्त ओहोटीचा. भरती चढायला लागली की लाट थेट वाटेवर येते, आणि तिथून माणसं ओढली गेलेली आहेत. तिथे पाट्या लावलेल्या आहेत, तरी “एवढ्या लांबून आलोय, पटकन जाऊन येऊ” असं म्हणणारे भेटतातच. म्हणजे हरिहरेश्वरला ओहोटी हवी.

पुढे गुहागरच्या खाली हेदवी आहे. दशभुज गणपतीचं देऊळ सगळ्यांना माहीत असतं, पण किनाऱ्यावरची बामणघळ अनेक जण बघत नाहीत. खडकात एक अरुंद चीर आहे. भरतीचं पाणी त्यात वेगानं घुसतं आणि कारंज्यासारखं उंच उसळतं. ओहोटीला गेलात तर नुसती भेग दिसते. म्हणजे हेदवीला भरती हवी, तीही दिवसा, आणि उधाणाची असेल तर फारच छान. मात्र घळीच्या तोंडाशी जायचं नाही. कोरडा खडक असेल तिथेच, लांब उभं राहायचं. ओला खडक म्हणजे लाट तिथवर येऊन गेलेली आहे.

एकीकडे ओहोटी, दुसरीकडे भरती. मग निघायचं कधी? एकादशीला निघा. पहिला मुक्काम दिवेआगर. दुसऱ्या दिवशी द्वादशी, बाराची पाऊणपट नऊ. सकाळी नऊला भरती, म्हणजे दुपारी तीनच्या सुमारास ओहोटी. जेवून, थोडं थांबून, दोन-अडीचला हरिहरेश्वरची प्रदक्षिणा सुरू करा. ती उरकून जवळच्या बागमांडल्याला जा आणि उजेडातच बोटीनं पलीकडे वेशवीला उतरा. मुक्काम वेळासला किंवा केळशीला. वेळास हे नाना फडणवीसांचं गाव आणि समुद्री कासवांचंही. पण कासवांची पिल्लं समुद्रात सोडतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये. मे महिन्यात जाणाऱ्यांनी मुलांना कासवांचं आश्वासन देऊ नये, नाहीतर परतीच्या वाटेवर रडारड ऐकावी लागेल.

तिसरा दिवस त्रयोदशी. आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, हर्णै बंदरावरचा मासळीचा लिलाव. मासे खात नसलात तरी लिलाव बघा. कोळणी ज्या ठसक्यानं भाव करतात, त्यातून आपल्याला भाजी मंडईत उपयोगी पडेल असं बरंच शिकता येतं. मुक्काम दापोलीजवळच्या मुरूडला. हे महर्षी कर्व्यांचं मुरूड. जंजिऱ्याचं मुरूड वेगळं, ते रायगड जिल्ह्यात. मोबाइलच्या नकाशात नुसतं मुरूड टाकलं तर तो भलतीकडे नेतो, म्हणून पुढे दापोली लिहा. चौथ्या दिवशी दाभोळहून बोटीनं धोपावे आणि पुढे गुहागर. हा दिवस मोकळाच ठेवा. पाचव्या दिवशी पौर्णिमा. हेदवीला अकराच्या आत पोचा, सव्वाअकराला भरती भर उजेडात आणि उधाणाची. तिथून तवसाळ, बोटीनं जयगड, मग मालगुंड, गणपतीपुळे. परत येताना रत्नागिरीवरून आंबा घाटानं कोल्हापूरकडे चढता येतं.

मुंबईच्या मैत्रिणींना भाऊच्या धक्क्यावरून गाडीसकट बोटीनं मांडव्याला येता येतं. त्यांना पुढे आगरदांडा ते दिघी ही राजपुरी खाडीतली आणखी एक बोट लागते, आणि अलिबागचा कुलाबा किल्लाही वाटेत आहे. तिथेही तोच हिशोब. ओहोटीला चालत जाता येतं, पण पाणी फिरायच्या आत परतायचं. किल्ल्यात गप्पा मारत बसलात तर येताना कमरेइतकं पाणी.

बोटीत गाडी चढवताना काय करायचं? धक्क्यावर निदान अर्धा तास आधी पोचा. सुट्टीत रांग मोठी असते. चालक सोडून सगळे खाली उतरा आणि पायी बोटीत जा, विशेषतः मुलं आणि म्हातारी माणसं. ओहोटीला उतार जास्त तीव्र असतो आणि शेवाळानं निसरडा झालेला असतो, चपलांपेक्षा पट्ट्याचे बूट बरे. काही ठिकाणी गाडी उलटी चढवायला लावतात, तेव्हा बोटीवरचा माणूस हात करेल तसंच ऐकायचं; मागून नवरा, दीर आणि सासरे तिघंही सूचना देत असतील तर त्यांना आधीच बोटीत पाठवून द्या. गाडी लागली की इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, गाडी गिअरमध्ये. सुटे पैसे जवळ ठेवा. शेवटची बोट किती वाजता, हे त्या दिवशी सकाळीच मुक्कामाच्या घरी विचारून घ्या, कारण वेळा हंगामाप्रमाणे बदलतात. धक्क्यांवर बायकांसाठी स्वच्छतागृह असेलच असं धरू नका. जेवणाच्या घरी किंवा पेट्रोल पंपावर आधीच जाऊन यावं. त्या भीतीनं पाणी कमी पिणं मात्र नको. मे महिन्यातला दमट उकाडा आहे, चक्कर यायला वेळ लागत नाही.

आता पाण्यात उतरण्याबद्दल. समुद्र शांत दिसतो तिथेच कधीकधी धोका असतो. दोन्ही बाजूंना पांढऱ्या लाटा फुटताहेत आणि मधल्या पट्टीत पाणी सपाट दिसतंय, तर तिथून पाणी परत आत ओढलं जात असतं. आपल्याला वाटतं, इथे लाटा नाहीत, इथेच पोरांना सोडू. नेमकं तिथे सोडायचं नाही. कुणी ओढीत सापडलंच तर किनाऱ्याच्या दिशेनं झगडू नये, दमून जातो. किनाऱ्याला समांतर, आडवं सरकायचं, ओढ सुटली की मग बाहेर यायचं. काठावरच्या माणसानं मागोमाग उडी घेऊ नये. दोर, रिकामा पाण्याचा कॅन, हवा भरलेली ट्यूब, जे तरंगेल ते फेकायचं आणि जीवरक्षकाला किंवा गावकऱ्यांना हाक मारायची. ११२ वर फोन लावायचा.

ओहोटी सुरू असताना पोहायला जाऊ नका, पाणी आत चाललेलं असतं. गुडघ्याच्या वर पाणी नको. साडी, ओढणी, सलवार भिजली की पायात गुंडाळते आणि चालूसुद्धा देत नाही. पाण्यात जायचं असेल तर लाज न बाळगता गुडघ्यापर्यंतची पँट आणि टी-शर्ट घाला. आणि एक स्पष्ट सांगते. ज्यानं दारू घेतली आहे त्यानं पाण्यात जायचं नाही, मग तो घरातला कितीही मोठा माणूस असो. हे आपणच सांगायचं आहे, आणि निघायच्या आधी, घरीच सांगायचं आहे. वाळूत गाडी घालायची हौसही घरीच ठेवायला सांगा. ओहोटीला वाळू कडक लागते, भरतीला तीच गाडी गिळते.

मुलांना पॅरासेलिंग, बनाना राइड, कयाक हे सगळं हवं असतं. जरूर करा. जॅकेट मात्र आपल्या हातानं तपासा. सगळे पट्टे लागतात का, मुलाच्या मापाचं आहे का? खांद्यांना धरून वर उचलून बघा, कानापर्यंत सरकलं तर ते मोठं आहे, दुसरं मागा. दिलं नाही तर बसू नका, पैसे बुडाले तरी चालतील. हे सगळे जलक्रीडा प्रकार साधारण २६ मेपासून ३१ ऑगस्टपर्यंत बंद असतात. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, त्यामुळे जूनमध्ये गेलात तर ताटात ताजी मासळी कमीच. म्हणून मेच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत जाऊन या.

शेवटी जेवणाचं. शेगडी आणि तांदळाचं पोतं गाडीत घालू नका. तिथेही तुम्हीच चुलीपाशी बसणार असाल तर सहल कुणाची? किनाऱ्यावरच्या गावांत घरगुती राहण्या-जेवणाची सोय बहुतेक ठिकाणी बायकाच चालवतात. फक्त त्यांना आधी सांगावं लागतं. दुपारचं जेवण सकाळी आठच्या आत, रात्रीचं दुपारपर्यंत, किती माणसं, शाकाहारी किती. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी. आयत्या वेळी बारा माणसं दारात उभी राहिली तर त्या बाईची काय तारांबळ होते, ते आपल्याला वेगळं सांगायला नको. पुढच्या वर्षी आणखी दक्षिणेला गेलात तर वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या महिला स्वतः होडी वल्हवत कांदळवन दाखवतात. तिथे जायचं तरी वेळ भरती बघूनच ठरते.

तर उद्या कालनिर्णयातली एकादशी शोधा, शाळा कधी उघडते ते बघा, आणि मुक्कामाच्या घरी फोन लावून ठेवा. सुट्टीत खोल्या लवकर भरतात.