दीड कोटी वर्षांपूर्वीचा सोर्स

एम-८३ या सर्पिल दीर्घिकेचा फोटो पाहिला आणि खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीकडे जायचं मनात आलं. पिवळट गाभा आणि गुलाबी ठिपक्यांनी गजबजलेले बाहू. १७५२ मध्ये लाकाय या फ्रेंच खगोलज्ञाने ती केप ऑफ गुड होपहून नोंदवली. वासुकी समूहातली ही दक्षिणेकडची दीर्घिका आपल्याकडे एप्रिलच्या मध्यरात्रीही क्षितिजापासून चाळीसेक अंशांवरच चढते.

नारायणगावजवळच्या जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० डिश आहेत. १४ मधल्या चौकात, उरलेल्या तीन दिशांच्या भुजांवर. मोबाइल बंद करूनच आत जायचं.

कंट्रोल रूममध्ये रात्रपाळीचे ऑपरेटर दोन स्क्रीनसमोर बसलेले. "दीर्घिका कुठाय?" मी विचारलं.

"इथं दिसणार नाही. तिच्या हायड्रोजनचा सिग्नल मोजतोय. दीड कोटी वर्षांपूर्वी निघालेला." 'दीड कोटी' ते गावाचा पिनकोड सांगावा तसं म्हणाले.

आधी मोजमाप जुळवून घेण्यासाठी डिश ३सी२८६ या कॅलिब्रेटरवर वळवल्या होत्या. स्क्रीनवर अँटेनांच्या जोड्यांचे आलेख ताठ उभे. मग एम-८३ लावली, आणि सगळे आलेख एकदम खाली बसले. उरली नुसती खरखर.

"बिघडलं का काही?"

"नाही हो. तो कॅलिब्रेटर दणदणीत आहे, ही अशीच. साठवत राहायचं, मग कुठं काही हाती लागतं."

उदासीन हायड्रोजनची रेषा १४२० मेगाहर्ट्झची. एम-८३ सेकंदाला सुमारे ५०० किलोमीटर वेगाने दूर जाते, म्हणून ती रेषा इथे १४१८ च्या आसपास सापडते. दीर्घिकेची तबकडी फिरत असल्याने एका कडेची वारंवारता किंचित जास्त, दुसरीची कमी. एवढ्याशा फरकातून तिच्या फिरण्याचा वेग निघतो. शिवाय हा वायू फोटोतल्या बाहूंच्या कितीतरी पलीकडे पसरलेला आहे. माझ्या आवडत्या फोटोत दीर्घिकेचा मोठा भाग आलेलाच नव्हता.

थोड्या थोड्या वेळाने डिश जवळच्या दुसऱ्या कॅलिब्रेटरवर जायच्या, परत यायच्या. दर वेळी आलेख उठायचे, बसायचे. ऑपरेटर वाऱ्याचा वेग बघत. तो वाढला तर डिश तोंड सरळ वर करून थांबवाव्या लागतात. मग लॉगमध्ये एक ओळ: वेळ, सोर्स, चालू अँटेना.

पुढे याचा नकाशा होईल, त्यात कोणीतरी रंग भरील, खाली शास्त्रज्ञांची नावं येतील. ती यावीतच. पण दीड कोटी वर्षं चालत आलेलं काही वाया जाऊ नये म्हणून रात्रभर जागतो तो हा माणूस, आणि त्याची ती ओळ शोधनिबंधात कुठेच छापली जात नाही. मला हे पटत नाही.