न्यूनगंड कुणाचा?

मानसशास्त्राच्या तासाला एरिक एरिक्सनच्या आठ अवस्था मी फळ्यावर लिहितो, तेव्हा चौथीपाशी खडू थांबतो.

ही मांडणी त्याने १९५० साली ‘चाइल्डहूड अँड सोसायटी’ या ग्रंथात केली. प्रत्येक अवस्थेत एक पेच असतो. पहिला, विश्वास की अविश्वास. तो माझ्यापुरता आईने सोडवला. ती रोजंदारीला जायची, पण दिवेलागणीला परत यायचीच. चौथी अवस्था शाळेच्या वयाची : उद्यमशीलता की न्यूनता. मेहनतीला दाद मिळाली नाही, तर मूल स्वतःला कमी लेखू लागते.

चौथीत मी तीसपर्यंतचे पाढे सर्वांआधी म्हणून दाखवले. गुरुजी म्हणाले, “तुला कशाला रे पाढे? तुम्हाला सवलती आहेतच की!” वर्ग हसला. माझी मेहनत कमी पडली नव्हती. निकाल आधीच लागला होता. मग न्यूनगंड माझा, की त्या वर्गाचा?

एरिक्सनने हा धोका ओळखला होता. शिकण्याच्या इच्छेऐवजी कातडीचा रंग आणि आईबापांची पार्श्वभूमी मुलाची किंमत ठरवू लागली, की त्याच्या अस्मितेलाच इजा होते, असे तो बजावतो. आपण तिथे जात वाचावी.

पाचवी अवस्था अस्मितेची. ती मला घरातल्या तसबिरीने दिली. साताऱ्याच्या शाळेत गोणपाटावर बसलेल्या भीमरावाची हकिकत वडिलांनी सांगितली, तेव्हा त्या हसण्याचा अर्थ कळला.

सातवी अवस्था पुढच्या पिढीच्या जोपासनेची. तिच्या उंबरठ्यावर मी आहे. म्हणून शिष्यवृत्तीची नावे मी वर्गात मोठ्याने वाचत नाही.