बसली की मातकट, उडाली की पांढरी



पुण्यात मुळा-मुठेच्या काठी, किंवा मावळ-मुळशीच्या भातखाचरात बांधावरून जाताना पायाजवळूनच एक पांढराशुभ्र पक्षी भर्रकन उडतो. क्षणापूर्वी तिथे काहीच दिसत नव्हते! ती ढोकरी. अशी फसवते म्हणून तिला वंचकही म्हणतात.

ओळखावी कशी?

१) लांबी सुमारे दीड फूट. मान आखडून स्तब्ध बसते.

२) बसलेली असताना पाठ मातकट, मान-छातीवर तपकिरी रेघा. पंख उघडले की पांढरे.

३) पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, पाठ गडद तांबूस होते. वेगळी जात समजू नका.

४) गाय बगळा बसलेलाही पांढराच, चोच पिवळी, तो गुरांमागे फिरतो.

५) कोकणात खाडीकाठी सबंध गडद राखी, फक्त गळा पांढरा असा बगळा दिसला, तर तो समुद्र बगळा.

ओळखून फायदा काय? ढोकरी भात खात नाही. किडे, बेडूक, मासळी, लहान खेकडे हे तिचे खाणे. बांध पोखरणाऱ्या खेकड्यांसाठी खाचराच्या पाण्यात विष ओतले, तर विषारी खेकडा तिच्या पोटात जातो आणि आपला राखणदार आपणच मारतो. आमिष घालायचेच तर बिळाच्या आत ठेवा आणि बीळ चिखलाने लगेच बुजवा. औषधाचे रिकामे डबे ओढ्यात धुऊ नका.

आणखी एक लक्षात ठेवा : वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे ढोकरीला मारणे हा गुन्हा आहे.