तांड्यावरची सेवालाल जयंती : पाहुण्या विद्यार्थ्यासाठी

कधी? दरवर्षी १५ फेब्रुवारी. बंजारा समाजाचे संत सेवालाल महाराज यांचा जन्म १७३९ चा.

कुठे? यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा, महागाव भागातल्या तांड्यांवर, म्हणजे बंजारा वस्त्यांवर. महाराजांची समाधी शेजारच्या वाशीम जिल्ह्यात, पोहरादेवीला. महाराष्ट्राचे माजी मुख्यमंत्री, बंजारा समाजातलेच वसंतराव नाईक यांचं गहुली हे गाव पुसद तालुक्यातलंच.

काय पाहाल? पांढरा झेंडा, नगाऱ्याचा ठेका, फेटिया-कांचळी (घागरा-चोळी) घातलेल्या बायकांचा फेर. मुख्य विधी भोगाचा. निखाऱ्यांवर गोड घास ठेवून तूप सोडतात. ज्योत उसळते आणि सगळ्यांचे हात जोडले जातात. मग प्रार्थना, म्हणजे अरदास. त्यानंतर प्रसाद, पाहुण्यालाही.

कानावर पडणारे शब्द : ‘नायक’ म्हणजे तांड्याचा प्रमुख, ‘कारभारी’ त्याचा सहायक. ‘लदेणी’ म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून चालणारा जुना व्यापार. भेटल्यावर ‘जय सेवालाल’ म्हणा. बंजारांच्या भाषेला, गोरबोलीला, स्वतःची लिपी नाही. महाराष्ट्रात ती देवनागरीत लिहितात. स्वतःची लिपी नसल्यामुळे इथला बराच इतिहास गाण्यांत जपलेला आहे. कान देऊन ऐका.

जाताना : आधी नायकाला भेटा, भोगाच्या जागी चपला काढा, फोटो विचारून घ्या.

परक्या मुलखात शिकणाऱ्याला तिथली माणसं खऱ्या अर्थानं भेटतात ती अशा सणातच.